वीज येताच रिले ओढतो: एसटीएम३२ च्या पिना कुठल्या क्रमाने लावाव्यात?

अंत्रुजकर
फोंडा

नमस्कार मंडळी. कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पंपासाठी नियंत्रक बोर्ड तयार होतो आहे. चिप म्हणजे एसटीएम३२एफ१०३सी८टी६ हा मायक्रोकंट्रोलर, ४८ पायांचा. विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप काँटॅक्टरमार्फत आणि ठिबकचे तीन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, असे मिळून चार रिले. रिले १२ व्होल्टचे, कॉइल ४०० ओहम. प्रत्येकाला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम, पिनेपासून थेट.

पिनांची वाटणी अशी: रिले पीबी३, पीबी४, पीबी१२, पीबी१३. घड्याळाची डीएस३२३१ आणि छोटा ओएलईडी पीबी६-पीबी७ वर. टाकीतला फ्लोट स्विच ६० मीटर केबलने पीए१ वर, चिपमधलाच पुल-अप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) लावून. जीएसएम मॉडेम पीए९-पीए१० वर. स्थिती दाखवणारा एलईडी पीसी१३ वरून ग्राउंडकडे.

अडचणी: वीज आली की पीबी४ चा रिले ओढला जातो आणि सुटतच नाही. पीबी३ चा कधीच लागत नाही. प्रोग्रॅममध्ये दोन्हींना आउटपुट केलेले आहे. पीबी१२ आणि पीबी१३ एरवी नीट चालतात, पण रीसेट बटण दाबून धरले आणि बोर्डला हात लागला की त्यांचे रिले कुरकुरतात. अधूनमधून रीसेटनंतर आयस्क्वेअरसी बस (घड्याळ आणि ओएलईडीची पीबी६-पीबी७ वरची जोडणी) अडकते. आणि पाऊस लागला की टाकी रिकामी असतानाही फ्लोट ‘भरली’ दाखवतो.

पिना लावण्याचा योग्य क्रम कोणता, आणि यातले कोडचे किती, सर्किटचे किती?

---

वेर्णा बेंच

पीबी३ आणि पीबी४ चे उत्तर एकच. रीसेटनंतर या दोन पिना तुमच्या नसतात, जेटॅगच्या, म्हणजे चिप तपासायच्या डीबग पोर्टच्या, असतात. पीबी३ म्हणजे जेटीडीओ, पीबी४ म्हणजे एनजेटीआरएसटी. तिसरी पीए१५, जेटीडीआय. पिनांची दिशा ठरवणाऱ्या सीआरएल रजिस्टरात त्यांना आउटपुट लिहिले तरी डीबग पोर्ट ताबा सोडत नाही, म्हणून कोड बरोबर असूनही पिनेवर काही उमटत नाही.

सोडवायला एएफआयओ (पिनांची पर्यायी कामे वाटणारा चिपमधला विभाग) याच्या एमएपीआर रजिस्टरातले २६ ते २४ हे तीन बिट ०१० करायचे. याने जेटॅग बंद होतो, एसडब्ल्यूडी (दोन तारांचा डीबग पोर्ट) चालू राहतो, म्हणजे पीए१३-पीए१४ वरून प्रोग्रॅम घालता येतो. १०० केलेत तर एसडब्ल्यूडीही जाईल. मग पुढच्या वेळी प्रोग्रॅम घालायला बूट०ची पिन वर ओढून किंवा रीसेट दाबून धरून जोडणी करावी लागेल. ते टाळा.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिले: एएफआयओला क्लॉक दिल्याशिवाय हे लेखन वाया जाते. क्लॉक वाटणाऱ्या आरसीसी विभागाच्या एपीबी२ईएनआरमधला बिट ० आधी १ हवा. दुसरे: हे तीन बिट फक्त लिहिण्यासाठी आहेत, वाचले तर येणारी किंमत भरवशाची नसते. म्हणून ‘वाच, ऑर कर, परत लिही’ ही नेहमीची पद्धत इथे घातक. पुढे टायमर किंवा यूएआरटीचा (मॉडेमशी बोलणारा सीरियल पोर्ट) रीमॅप करताना, म्हणजे तो दुसऱ्या पिनांवर हलवताना, एमएपीआरला पुन्हा हात लावाल, तेव्हा वाचलेल्या किमतीतले हे तीन बिट पुसून ०१० परत घाला, मगच लिहा. नाहीतर रीमॅपच्या ओळीनंतर डीबगर अचानक मुका होतो आणि दोष केबलला दिला जातो.

---

मांडवीकाठ

कोड दुरुस्त झाला तरी पीबी४ चा पहिला झटका राहणारच, तो सर्किटचा आहे. हिशेब करून पाहा.

रीसेटमध्ये पीबी४ ला चिपचा आतला पुल-अप लागलेला असतो, ३० ते ५० किलोओहम, मधला आकडा ४०. म्हणजे ३.३ व्होल्टवरून ४० किलो आणि तुमचा १ किलो यांतून बेसला (३.३ − ०.७) भागिले ४१ किलो, म्हणजे सुमारे ६३ मायक्रोअँपिअर मिळतात. रिलेला पूर्ण प्रवाह ३० मिलिअँपिअर, आणि तो ओढायला साधारण तीन चतुर्थांश व्होल्टेज पुरते असे धरले तर २२ ते २३ मिलिअँपिअर. त्यासाठी ट्रान्झिस्टरचा गेन (बेसचा प्रवाह किती पट होतो तो आकडा) ३६० च्या वर हवा. बीसी५४७ए चा गेन ११० ते २२०, बी चा २०० ते ४५०, सी चा ४२० ते ८००. म्हणजे ए पडला तर रिले शांत, सी पडला तर नक्की ओढणार, बी पडला तर नशीब. एकाच डिझाइनचे दोन बोर्ड वेगळे वागतात ते यामुळे.

पीबी१२ आणि पीबी१३ रीसेटमध्ये पूर्ण फ्लोटिंग असतात. बेस हवेत लटकलेला, हात लागला की अंगावरचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट त्यात शिरतो.

उपाय: प्रत्येक रिलेच्या पिनेवरून ग्राउंडला एक रेझिस्टर. सगळे १० किलो लावून मोकळे होतात, पण पीबी४ ला १० किलो कमी पडतो. आतला पुल-अप ३० किलोच्या टोकाला असेल तर पिनेवर ३.३ × १० ÷ ४० = ०.८२ व्होल्ट येतात, आणि बीसी५४७ ०.६ ला जागा होतो. ४.७ किलो लावा: ३.३ × ४.७ ÷ ३४.७ = ०.४५ व्होल्ट, ट्रान्झिस्टर झोपलेला राहतो. आउटपुट वर असताना या रेझिस्टरात ०.७ मिलिअँपिअर जातात, ते चिपला जड नाही.

बोर्ड परत छापणार असाल तर बीसी५४७ काढून यूएलएन२००३ टाका. आत डार्लिंग्टन जोडी असल्याने ती चालू व्हायला दोन बेस-एमिटर थेंब लागतात, ०.८ व्होल्टने ती हलत नाही. रिलेचे उलटे डायोडही आतच आहेत. पिन ९ मात्र १२ व्होल्टला जोडायची. ती मोकळी राहिली तर ते डायोड नसल्यातच जमा. आणि चांगले हे की पंपाचा रिले पीबी३-पीबी४ वर ठेवूच नका. तिथे ओएलईडीचे रीसेट किंवा बझर द्या. ज्या पिनेला जन्मतः पुल-अप आहे तिच्यावर मोटर टांगायची नाही.

---

अंत्रुजकर

मांडवीबाब, हा हिशेब डोळे उघडणारा आहे. ट्रान्झिस्टरांवर सी लिहिलेले आहे. ४.७ किलो पिनेच्या बाजूला लावायचा की बेसच्या? आणि वेर्णा बेंच, रजिस्टरांचा पूर्ण क्रम मिळेल का? हॅल (उत्पादकाची तयार लायब्ररी) न वापरता थेट लिहायचे आहे.

---

मांडवीकाठ

पिनेच्या बाजूला, १ किलोच्या आधी. बेसवर लावला तरी चालतो, पण मग आउटपुट वर असताना १ किलो आणि ४.७ किलो यांची वाटणी बेसचा प्रवाह थोडा खाते. पिनेकडे लावला की चिप सोल्डर नसतानाही मीटरने तपासता येतो.

---

वेर्णा बेंच

एफ१०३ मध्ये प्रत्येक पिनेला चार बिट. ० ते ७ पिना सीआरएलमध्ये, ८ ते १५ सीआरएचमध्ये. खालचे दोन बिट मोड, वरचे दोन सीएनएफ, म्हणजे पिनेचा प्रकार. हेक्समधला एक अंक म्हणजे एक पिन, म्हणून पूर्ण पोर्ट एका नजरेत वाचता येतो. लागणारे अंक एवढेच: ० अ‍ॅनालॉग, ४ फ्लोटिंग इनपुट, ८ पुल-अप किंवा पुल-डाउन इनपुट, २ साधा पुश-पुल आउटपुट (वर-खाली दोन्हीकडे ढकलणारा) २ मेगाहर्ट्झचा, ३ तोच ५० मेगाहर्ट्झचा, ६ ओपन-ड्रेन (फक्त खाली ओढणारा), ए पेरिफेरलचा (यूएआरटीसारख्या आतल्या विभागाचा) पुश-पुल, ई पेरिफेरलचा ओपन-ड्रेन. रीसेटला सगळीकडे ४, म्हणून रजिस्टर ४४४४४४४४ दिसते.

आता क्रम.

आधी क्लॉक. एपीबी२ईएनआरमध्ये एएफआयओ बिट ०, पोर्ट ए बिट २, बी बिट ३, सी बिट ४. चारही मिळून दशमानात २९, हेक्समध्ये १डी. क्लॉक नसताना पोर्टला लिहिलेले सगळे हरवते, कुठलीही तक्रार येत नाही, आणि वाचले तर शून्य येते. डीबगरमध्ये सीआरएल शून्य दिसला तर सर्वांत आधी इथे पाहा, कारण खरा रीसेट आकडा शून्य नसतोच.

मग एमएपीआरमध्ये जेटॅगची सुटका, वर सांगितल्याप्रमाणे.

मग पातळी. हा टप्पा दिशेच्या आधी. ज्या पिना आउटपुट होणार त्यांची सुरक्षित पातळी बीएसआरआरमध्ये लिहा, खालचे १६ बिट वर करायला, वरचे १६ खाली आणायला. तुमच्या एनपीएन सर्किटात सुरक्षित म्हणजे ०, आणि ओडीआर (आउटपुटच्या पातळीचे रजिस्टर) रीसेटला ० असतोच, म्हणून क्रम चुकला तरी भागते. पण बाजारातली निळी रिले मॉड्यूल ‘खाली म्हणजे चालू’ जातीची असतात. तिथे आधी दिशा लावली की पिन ० ने सुरू होते, रिले ओढतो, आणि पुढच्या ओळीला सुटतो. काँटॅक्टरला तेवढा धक्का पुरतो.

मग दिशा. पोर्ट बी चा सीआरएल ४४४२२४४४, सीआरएच ४४२२४४४४. पूर्ण रजिस्टर एकदम लिहा. बिट बिट करून बदललेत तर मधल्या क्षणी पिन भलत्याच मोडमध्ये असते.

पीबी६ आणि पीबी७ मुद्दाम ४ वर ठेवले आहेत. पेरिफेरलचा मोड लावून पेरिफेरल बंद असेल तर पिनेवर काय येईल याची हमी उत्पादक देत नाही. आयस्क्वेअरसीला क्लॉक द्या, मग सीआरएल ईई४२२४४४ करा.

पोर्ट ए: पीए९ ला ए. पीए१० ला ८ आणि ओडीआरचा तो बिट १, म्हणजे पुल-अप. एफ१ मध्ये यूएआरटीची आरएक्स (आत घेणारी; टीएक्स पाठवणारी) पिन साधी इनपुटच असते, तिला पेरिफेरल मोड द्यायचा नाही. एफ४ वरचा कोड इकडे आणताना इथे घसरायला होते, कारण तिथे दोन्ही पिना पेरिफेरल मोडमध्ये असतात.

पीसी१३ बद्दल. ही पिन चिपच्या आत एका छोट्या पॉवर स्विचमधून चालते. ३ मिलिअँपिअर खाली ओढू शकते, वर देण्यासाठी ती नाही. एलईडी उलटा करा: ३.३ व्होल्ट, १ किलो, एलईडी, पिन. लाल एलईडीला १.४ मिलिअँपिअर मिळतात, दिसायला पुरे. मोड २ मेगाहर्ट्झचाच.

वेगाचा आकडा म्हणजे कडा किती तीव्र, एवढेच. रिले, एलईडी, ९६०० चा यूएआरटी यांना २ मेगाहर्ट्झ पुरून उरतो. सगळीकडे ५० लावले की लांब तारांवर कडा थरथरतात आणि शेजारच्या एडीसीत (व्होल्टेज मोजणाऱ्या विभागात) आवाज येतो. ५० फक्त वेगवान एसपीआयला.

---

सिलिकॉन सासष्टी

क्रमामागचे कारण पॅडच्या आत आहे, म्हणून थोडे चिपच्या बाजूने.

प्रत्येक पिनेमागे एक पॅड सेल असतो. त्याला आउटपुटचा डेटा, आउटपुट एनेबल, इनपुट एनेबल, पुल-अप, पुल-डाउन आणि ताकद अशा वेगवेगळ्या तारा येतात. त्यांच्या अलीकडे मक्स, जो जीपीआयओ, यूएआरटी, टायमर यांपैकी एकाला पॅडशी जोडतो. या तारा वेगवेगळ्या रजिस्टरांतून येतात, त्यामुळे दोन लेखनांच्या मधली अवस्था खरोखर पिनेवर उमटते. मक्स फिरवताना आउटपुट एनेबल चालू असेल तर जुन्या आणि नव्या पेरिफेरलमध्ये एक काटा, म्हणजे क्षणभराची चुकीची पातळी, बाहेर पडतो. म्हणून चिप कुठलीही असो, एनेबल शेवटी.

एफ४, एल४, जी० या कुळात हे स्पष्ट दिसते. आधी एएफआरएल किंवा एएफआरएचमध्ये पेरिफेरलचा क्रमांक, मग ओटायपर, ओस्पीडर, पीयूपीडीआर (प्रकार, वेग, पुल-अप), आणि मोडर (पिनेचा मोड) सर्वांत शेवटी. मोडर आधी लिहिला तर पिन क्षणभर क्रमांक ० च्या पेरिफेरलला जोडली जाते. एफ४ वर पीए८ चा क्रमांक ० म्हणजे क्लॉक बाहेर देणारी पिन, तिथे हा काटा फार बोलका असतो. यूएसएआरटी१ ला पीए९-पीए१० साठी क्रमांक ७, आयस्क्वेअरसी१ ला पीबी६-पीबी७ साठी ४.

रीसेटला पिन इनपुट ठेवण्यामागे साधा विचार आहे: समोर काय जोडलेले आहे हे चिप बनवणाऱ्याला माहीत नसते, आणि दोन आउटपुट एकमेकांशी भिडणे हा सर्वांत महाग अपघात. मग ती पिन कुठल्या पातळीला राहावी, हे बोर्ड काढणाऱ्याने रेझिस्टरने सांगायचे. प्रोग्रॅमची पहिली ओळ चालायच्या आधी पुरवठा चढतो, रीसेट सुटतो, फ्लॅशमधून वाचन सुरू होते. या काळावर कोडचा काडीचाही अधिकार नाही. पिनांचा तक्ता काढताना ‘रीसेटमध्ये हवी ती पातळी’ हा रकाना सर्वांत आधी भरावा असे माझे ठाम मत आहे, पेरिफेरलचे नाव नंतर.

---

डिचोलीकर

आयस्क्वेअरसीचे दोन वेगळे आजार एकाच लक्षणाने दिसतात.

एक: वाचन चालू असताना चिप रीसेट झाली. डीएस३२३१ ला ते कळत नाही, ती एसडीए (डेटाची तार, पीबी७) खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट पाहत बसते. उपाय पिनेच्या पातळीवर. पेरिफेरल सुरू करायच्या आधी पीबी६ ला ६ करा, म्हणजे साधा ओपन-ड्रेन, पीबी७ ला ४, आणि एसडीए वर येईपर्यंत एससीएलला (क्लॉकची तार, पीबी६) जास्तीत जास्त ९ ठोके द्या, प्रत्येक अर्धा ठोका ५ मायक्रोसेकंद. शेवटी स्टॉप. मग ईई.

दोन: एफ१०३ च्या त्रुटीपत्रकातच नोंद आहे की आतला अ‍ॅनालॉग फिल्टर चुकीची पातळी धरून ठेवतो आणि बिझी बिट (बस व्यस्त असल्याची खूण) अडकतो. तिथे दोन्ही पिना ओपन-ड्रेन आउटपुट करून एसडीए खाली, एससीएल खाली, एससीएल वर, एसडीए वर, प्रत्येक पायरीला आयडीआर (पिनेची खरी पातळी) वाचून खात्री, मग पेरिफेरल मोड आणि एसडब्ल्यूआरएसटी (पेरिफेरल रीसेट करणारा) बिट एकदा १ करून ०. ही पायरी कायमची सुरुवातीतच ठेवा, अडकल्यावर शोधत बसू नका.

पुल-अप बाहेरचाच हवा. आतला ४० किलोचा यासाठी निरुपयोगी आहे. ४०० किलोहर्ट्झला चढण्याचा वेळ ३०० नॅनोसेकंदांच्या आत हवा. बसची धारिता २०० पिकोफॅरड धरली तर ३०० नॅनोसेकंद ÷ (०.८४७३ × २०० पिकोफॅरड) = १.७७ किलोओहम ही वरची मर्यादा. खालची (३.३ − ०.४) ÷ ३ मिलिअँपिअर, म्हणजे ९७० ओहमच्या आसपास. १.५ किलो घ्या. १०० किलोहर्ट्झला मर्यादा ५.९ किलोपर्यंत जाते, तिथे ४.७ किलो चालतो. आणि मीटरने आधी मोजा: डीएस३२३१ आणि ओएलईडीच्या तयार मॉड्यूलवर आधीच पुल-अप लावलेले असतात, समांतर मिळून किती होतात ते पाहूनच आपले लावायचे.

---

मांडवीकाठ

फ्लोट. ६० मीटर केबल, उघड्यावरचा जोड, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा. आतल्या ४० किलोच्या पुल-अपमधून जेमतेम ८० मायक्रोअँपिअर जातात. जोडात ओल शिरून दोन तारांमध्ये २० किलोओहमची गळती झाली की पिनेवर ३.३ × २० ÷ ६० = १.१ व्होल्ट उरतात, आणि चिप ते ० असे वाचते. शिवाय इतक्या कमी प्रवाहात स्विचच्या टोकांवरचा गंज फुटत नाही.

१२ व्होल्टचा लूप करा. १२ व्होल्ट, २.२ किलो अर्ध्या वॉटचा, फ्लोट स्विच, पीसी८१७ या ऑप्टोकपलरचा एलईडी, ग्राउंड. प्रवाह (१२ − १.२) ÷ २.२ किलो = ४.९ मिलिअँपिअर. तीच २० किलोची गळती आता अर्धा मिलिअँपिअर देते. एलईडीला समांतर १ किलो लावला की ती बाजूने निघून जाते, कारण अर्ध्या मिलिअँपिअरला त्यावर फक्त ०.५ व्होल्ट पडतात आणि एलईडी पेटत नाही. स्विच खरा लागला तर त्यातून १.२ मिलिअँपिअर वजा होऊन ३.७ उरतात. पीसी८१७ चा किमान गुणक (एलईडीच्या प्रवाहाच्या तुलनेत कलेक्टरचा प्रवाह) ५ मिलिअँपिअरला ५० टक्के, ३.७ ला जरा कमी धरला तरी दीड मिलिअँपिअर मिळतात. कलेक्टरला ४.७ किलोचा पुल-अप ३.३ व्होल्टला, त्याला ०.७ पुरतात. पिनेवर १०० नॅनोफॅरड. एलईडीला उलटा एक १एन४१४८ डायोड, कारण तो उलटे ६ व्होल्टच सहन करतो. केबल बोर्डात शिरते तिथे एसएमबीजे१५ए, झटके गिळणारा डायोड.

मग पीए१ चा मोड ४, आतला पुल-अप नको. आणि कोडमध्ये २ ते ३ सेकंद सलग तीच पातळी असेल तरच मानायची, टाकीत पाणी पडताना फ्लोट हलतोच.

काँटॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ जातीचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) विसरू नका. ज्याला लोक ‘पिन आपोआप बदलते’ म्हणतात ते अनेकदा काँटॅक्टर सुटतानाचा झटका असतो.

बोर्डला ओलीपासून वाचवणारा कोट देण्यापूर्वी तो आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन पूर्ण वाळवा. फ्लक्सचा थर राहिला तर कोटाखाली ओल धरतो आणि हाय-इम्पीडन्स पिनांवर गळती उलट वाढते.

---

खाजनवाट

याच चिपवर प्रश्न. मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) दाराशी खाऱ्या पाण्याची पातळी दोन सळ्यांनी ओळखायची आहे. एका सळीला ३.३ व्होल्ट कायम ठेवले की सळी खाल्ली जाते. पिनांनी काही करता येईल?

---

वेर्णा बेंच

येईल. दोन्ही सळ्यांना पिनाच जोडा आणि दिशा उलटसुलट करा. पीए२ पासून १ किलो, मग सळी क. पीए३ पासून १ किलो, मग सळी ख. सळी क वरून १० किलोने पीए० ला, तो एडीसी. तिन्ही वाटांवर बॅट५४एस हे संरक्षक डायोड, कारण पीए० ते पीए७ या पिना ५ व्होल्ट सहन करणाऱ्यांत नाहीत.

पीए२ वर, पीए३ खाली, १ मिलिसेकंद, शेवटी एडीसी वाचा. लगेच पीए२ खाली, पीए३ वर, तेवढाच १ मिलिसेकंद, वाचन नको. मग दोन्ही मोड ० वर, म्हणजे अ‍ॅनालॉग, पूर्ण सुटलेल्या. दर दहा सेकंदांनी हे पुरे. दोन्ही बाजूंचा वेळ सारखा असला की सरासरी डीसी शून्याजवळ राहतो. पाणी नसेल तर वाचन ३.३ व्होल्टच्या जवळ, खारे पाणी असेल तर १.७ च्या आसपास. गोड्या पाण्यात सळ्यांमधला रोध ५ किलो धरला तरी २.८ येतात. सीमा ३ व्होल्टला ठेवा, १२ बिटांत ३७२३. हा मधला वेळ इंटरप्टने लांबला तर तोल बिघडतो, तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा. सळ्या ३१६ स्टेनलेसच्या.

---

सत्तरी सोल्डर

हे सगळे ईएसपी३२ वर सोपे नाही का? कुठलेही पेरिफेरल कुठल्याही पिनेला देता येते.

---

सिलिकॉन सासष्टी

पिना वाटणारे ते मॅट्रिक्स सोयीचे आहे, पण रीसेटचा प्रश्न तिथे जास्त टोकदार आहे. मूळ ईएसपी३२ वर जीपीआयओ ०, २, ५, १२, १५ यांची पातळी बूट होताना वाचली जाते. १२ वर पुल-अप लागला तर फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायचे असे ती समजते आणि ३.३ व्होल्टची फ्लॅश चालतच नाही. ‘खाली म्हणजे चालू’ रिले मॉड्यूल १२ वर जोडले की बोर्ड उठत नाही, त्यामागे हेच. ६ ते ११ फ्लॅशच्या. ३४ ते ३९ फक्त इनपुट, आत पुल-अप नाहीत. १ वर बूटचा मजकूर बाहेर पडतो, तिथे रिले लावला तर तो तडतडणार. वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या पिना मोजायला मिळत नाहीत. रिलेला २५, २६, २७, ३२, ३३ घ्या, बाहेरचा पुल-डाउन तिथेही लावाच.

लिनक्सच्या बोर्डांवर ही वेळ मिलिसेकंदांवरून सेकंदांवर जाते. एएम३३५एक्स प्रोसेसरवर पिनमक्सची रजिस्टरे फक्त कर्नलच्या हक्काने लिहिता येतात. यूजरच्या बाजूने लिहिले तर काही होत नाही, चूकही दाखवत नाही. डिव्हाइस ट्रीमध्येच (कर्नलला हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलमध्ये) लावायचे. तिथे बिट ५ इनपुट चालू करतो, आणि एसपीआयचा मास्टर असूनही क्लॉकच्या पिनेला तो लागतो, नाहीतर वाचन शून्यच येते. आय.एमएक्स६ प्रोसेसरवर मक्स आणि पॅडशिवाय तिसरे रजिस्टर, इनपुट निवडीचे. टीएक्स चालते, आरएक्स नाही, असे दिसले की आधी तेच उघडा.

---

अंत्रुजकर

४.७ किलो लावले, जेटॅग सोडवला. चारही रिले वीज येताना शांत. देव बरें करूं. दोन गोष्टी उरल्या. मॉडेमचा पुरवठा कोडने बंद करतो तरी त्याचा दिवा मंद पेटलेला राहतो आणि तो नीट रीसेट होत नाही. आणि पिन खरेच फ्लोटिंग आहे की आतून ओढलेली, हे स्कोपशिवाय कसे ओळखावे?

---

डिचोलीकर

मॉडेम पीए९ वरून पोसला जातो आहे. यूएआरटी रिकामा असताना टीएक्स वर असतो, तो प्रवाह मॉडेमच्या पिनेतल्या संरक्षक डायोडमधून त्याच्या पुरवठ्यात शिरतो. पुरवठा तोडण्याआधी पीए९ ला मोड ० द्या, पीए१० चा पुल-अप काढून ४ करा, मग तोडा. परत देताना उलट: आधी पुरवठा, तो स्थिर झाला की पीए१० ला ८, मग पीए९ ला ए. वाटेत १ किलोची मालिका ठेवली तर विसरले तरी प्रवाह मर्यादित राहतो. मॉडेमच्या पिना ३.३ व्होल्ट सहन करतात का ते त्याच्या पत्रकात पाहा, अनेकांच्या २.८ किंवा १.८ च्या असतात आणि मग पातळी बदलणारी चिपच हवी.

---

मांडवीकाठ

ओळखायला एक १० किलोचा रेझिस्टर आणि मीटर पुरे. रेझिस्टरचे एक टोक पिनेला, दुसरे आधी ग्राउंडला, मग ३.३ ला. दोन्ही वेळा पिन रेझिस्टरमागे पूर्ण गेली, ० आणि ३.३, तर फ्लोटिंग. ग्राउंडला लावून ०.५५ ते ०.८२ राहिले तर आतला पुल-अप. ३.३ ला लावून २.५ ते २.७५ वर अडकली तर पुल-डाउन. दोन्ही वेळा हललीच नाही तर आउटपुट. रीसेट दाबून धरून एकदा आणि प्रोग्रॅम चालू असताना एकदा, दोन रकान्यांत लिहून ठेवा. बाहेरचे ४.७ किलो लावलेल्या पिनांना हे आकडे लागू नाहीत, तिथे आधी ते सुटे करा.

---

वेर्णा बेंच

शेवटची भर. मांडणी पक्की झाली की रिलेच्या पिना एलसीकेआर रजिस्टराने कुलूपबंद करा. पोर्ट बी साठी ३, ४, १२, १३ हे बिट आणि बिट १६ एक, मग तेच बिट आणि १६ शून्य, मग पुन्हा १६ एक, त्यानंतर दोनदा वाचन. मध्ये पिनांचे बिट बदलले तर कुलूप लागत नाही. लागल्यावर सीआरएल आणि सीआरएचमधल्या त्या पिना रीसेटपर्यंत बदलत नाहीत, रिले चालू-बंद मात्र बीएसआरआरने नेहमीसारखा होतो. पीबी६-पीबी७ ना कुलूप लावू नका, नाहीतर डिचोलीकरांचे नऊ ठोके द्यायला पिन मोकळी मिळणार नाही. न वापरलेल्या सगळ्या पिना ० वर टाका.